दोन मिलिमीटरची गोलाई

शर्यत सुरू व्हायला चाळीस मिनिटं उरली असताना हिंदुराव सुतार भ्याले, आणि ते भ्याले एका मुलाखतीमुळे.

मुलाखत त्यांची नव्हती. साचे घासणाऱ्या माणसाला कोण विचारतंय! मुलाखत चालली होती समीना बागवानची. गाडीवरून आणि गाडीखालून वारा कसा जावा याचं सगळं गणित या बाईच्या डोक्यातून आलेलं. गाडी जॅकवर चढवली होती, कॅमेरावाला जमिनीवर आडवा झाला होता आणि समीना हातातल्या पेनानं गाडीचं काळंभोर पोट दाखवत होती. हिंदुराव मागे फडकं घेऊन उभे होते. हा तळ ज्या साच्यात तयार झाला, तो साचा त्यांच्या हातचा. ऐकताना त्यांची छाती जरा फुगली होती, खोटं कशाला बोला.

"सोप्या भाषेत सांगा हं," टीव्हीवाली मुलगी म्हणाली.

"विमानाचा पंख उलटा केला की तो वर उचलायच्या ऐवजी खाली दाबतो," समीना म्हणाली. "आमच्या गाडीचा अख्खा तळ म्हणजे तसा उलटा पंख. खालून वारा चिंचोळ्या वाटेनं जोरात पळतो, तिथला दाब घटतो आणि रस्ता गाडीला खाली ओढून धरतो. तळ जितका खाली, तितकी ओढ जास्त. वळणावर गाडी सुटत नाही ती त्या ओढीमुळे. पण हे झालं कोरड्या रस्त्याचं."

"आणि ओल्या?"

"ओल्यावर तोच तळ वैरी. टायरनं पाणी कापून रस्त्याला टेकायला हवं. तळ खाली असेल तर त्याच्या आणि रस्त्याच्या मधे पाणी कोंडतं, आणि गाडी त्या पाण्यावर फळीसारखी तरंगते. मग स्टेअरिंग फिरवा नाहीतर देवाचं नाव घ्या, फरक पडत नाही. म्हणून ओल्यावर तळ वर उचलावा लागतो. ओढ निम्मी होते, वेग कमी करावा लागतो, पण माणूस जगतो. आमचा हा तळ ते आपला आपण ठरवतो. याला चार हजार बारीक छिद्रं आहेत. पापणी लवायच्या आत त्याला कळतं, खाली ओलं आहे की कोरडं."

"कसं कळतं?"

"ही पुढची धार बघा. पात्यासारखी आहे. पाणी तळाला चिकटून इथवर येतं आणि या धारेवर तुटतं. त्याचे थेंब होतात आणि मागच्या छिद्रांवर टपटपतात. टपटप झाली की तळ म्हणतो ओलं, आणि वर जातो. शांत असलं की कोरडं, आणि खाली बसतो."

"आणि ही धार नसती तर?"

समीना हसली. "दुधाच्या पातेल्याला धारदार काठ नसला की ओतताना दूध बाहेरून ओघळतं ना? पाणी तसंच चिकटून मागं सरकेल. छिद्रांवरून गुपचूप जाईल. तळाला वाटेल, सगळं शांत आहे, रस्ता कोरडा. आणि पाण्यात खाली बसेल. पण धार आहेच की!"

धार नव्हती.

हे त्या क्षणी साऱ्या जगात एकट्या हिंदुराव सुतारांना ठाऊक होतं. त्यांच्या हातातलं फडकं खाली पडलं.

आता हे झालं कसं, ते सांगायलाच हवं. हिंदुराव चाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्नमेकर. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूची हुबेहूब लाकडी प्रतिकृती करायची, ती वाळूत दाबायची, मग त्या खळग्यात रस ओतायचा. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. या धंद्यातला पोरगा पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकतो, आतला कोपरा कोरा, म्हणजे टोकदार, ठेवायचा नाही. कोरा कोपरा राहिला की निवताना लोखंड तिथंच तडकतं. म्हणून तिथं पुट्टी भरायची आणि अंगठा फिरवून गोलाई आणायची. हिंदुरावांनी हे इतक्या वेळा केलं होतं, की अंगठा डोक्याला विचारतच नसे.

पुढे धातू छापणारी यंत्रं आली, निम्म्या भट्ट्या विझल्या आणि हिंदुराव, मुलगी शर्यतीची गाडी चालवायची त्या टीममध्ये, साचे घासायला आले. तीन आठवड्यांपूर्वी जुना तळ सरावात फुटला, नव्याचा साचा घाईनं यंत्रावर कापून आला. त्यात पुढच्या बाजूला एक कोरा कोपरा होता. हिंदुरावांनी पुट्टी घेतली आणि अंगठा फिरवला. दोन मिलिमीटरची गोलाई. झालं!

पण पॅटर्न वेगळा आणि साचा वेगळा. पॅटर्नमधला आतला कोपरा वस्तूतही आतलाच राहतो. साच्यात सगळं उलटं, तिथला आतला कोपरा म्हणजे वस्तूची बाहेरची धार. त्यांनी कोपरा भरला नव्हता, समीनाची धार मोडली होती. तपासणीच्या यंत्रानं बत्तीस जागा मोजल्या, धार त्यात नव्हती, कारण धार असणारच हे सगळ्यांनी धरून चाललेलं. पाण्यातल्या चाचण्या झाल्या त्या जुन्या तळावर. या नव्या तळानं अजून एक थेंब पाहिला नव्हता. कोरड्यावर तो झकास चालला होता.

"आबा!"

ईश्वरी समोर उभी होती. हेल्मेट काखेत, केस बांधलेले, चोवीस वर्षांची त्यांची एकुलती एक पोर. "तोंड का पांढरं पडलंय तुमचं?"

"काय न्हाई. ऊन लागलं जरा."

"कुठलं ऊन वो? वर बघा की."

त्यांनी वर बघितलं. कोल्हापूरच्या पश्चिमेला, घाटमाथ्यावरच्या कातळ सड्यावर, म्हणजे उघड्या खडकाच्या पठारावर, हा ट्रॅक. पाच किलोमीटरची फेरी. त्याचं पूर्वेचं टोक सप्टेंबर संपता संपता वाळून खडखडीत होतं, आणि पश्चिमेचं टोक दरीच्या काठावर, तिथं कोकणातला ढग कधी वर चढेल याचा नेम नाही. आत्ता तिकडं करडं काहीतरी काठावरून डोकावत होतं.

"पाऊस येऊ दे की," ईश्वरी म्हणाली. "बाकीचे भितील. मी न्हाई. तळ तुमच्या हातचा हाय, डोळं झाकून जातो मी." कोल्हापूरच्या पोरी 'जातो-येतो'च म्हणतात, त्यात ही तर गाड्यांत वाढलेली. तिनं आवाज खाली आणला. "त्यो परदेशी टीमचा माणूस वर गॅलरीत बसलाय. आज जिंकलो की पुढच्या साली तिकडं. आबा, माझं आयुष्य हाय आज."

आत्ता सांगायला हवं होतं. हिंदुरावांचं तोंड उघडलंही. पण सांगितलं की गाडी मागे घेणार, पोरीची संधी गेली. आणि कुणामुळे? बापाच्या अंगठ्यामुळे. हवामानवाल्यांनी कोरडं सांगितलंय, त्यांनी स्वतःला समजावलं. आणि दोन मिलिमीटर ते काय!

"जा बाळा," ते म्हणाले. "सांभाळून."

पहिल्या आठ फेऱ्या कोरड्या गेल्या. ईश्वरी तिसऱ्या नंबरावर होती. हिंदुराव पिटमध्ये, ट्रॅकलगतच्या टीमच्या जागेत, समीनाच्या खुर्चीमागे उभे राहून पडदा बघत होते. पडद्यावर तळाची उंची दिसायची, अठरा मिलिमीटर, आणि शेजारी तळाचं स्वतःचं मत, 'कोरडं'. त्यांना श्वास घेता येत होता.

नवव्या फेरीला पश्चिमेच्या वळणावर बुरंगाट सुरू झालं. बुरंगाट म्हणजे धड पाऊस नाही, धड धुकं नाही, पिठासारखं भुरभुरतं पाणी. ट्रॅकमध्ये बसवलेले मापक रस्त्यावर किती पाणी साचलंय ते सांगत. शून्य पॉइंट तीन मिलिमीटर.

पुढच्या दोन्ही गाड्यांचे तळ वर उचलले गेले, त्यांचा वेग उतरला. ईश्वरी त्याच वळणावर, त्याच वेगानं आत शिरली, आणि दोघांनाही मागे टाकून बाहेर आली.

पिटमध्ये आरडाओरडा झाला. "नाद खुळा!" कुणीतरी टेबल बडवलं. समीना खुर्चीतून उठली आणि टाळ्या वाजवायला लागली. हिंदुरावांनी पडदा बघितला. तिकडं रस्ता चकाकत होता आणि तळ म्हणत होता, 'कोरडं'. उंची अठरा.

दहावी फेरी. शून्य पॉइंट सहा. 'कोरडं'.

भीतीचं एक असतं, ती माणसाला पळायला तरी लावते नाहीतर जागीच खिळवून तरी ठेवते. हिंदुराव खिळले. बुरंगाट थांबेल, ते मनात म्हणाले. बाराव्या फेरीला म्हणाले, पातळ पाणी आहे, टायर कापतायत. चौदाव्याला म्हणाले, आत्ता ती पुढं आहे, आत्ता कसं सांगू? सोळाव्याला त्यांना काही म्हणताच येईना. दर फेरीला ती गाडी ढगात शिरायची, आणि बाहेर आली की ते मनात मोजायचे, आणखी एक. आणि दर वेळी आजूबाजूची माणसं नाचायची! पोर आठ सेकंदांनी पुढे गेली होती. तळ शांत होता म्हणून ती वेगात होती, आणि तळ शांत होता तोच त्यांचा घात होता. हे कळणारा माणूस तिथं एकच, आणि तो त्या नाचणाऱ्या माणसांत उभा होता.

एकोणिसावी फेरी. दोन पॉइंट सात.

"मॅडम," हिंदुरावांनी विचारलं, आणि स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला, "तळ खाली असला, तर गाडी तरंगायला किती पाणी लागतं?"

"या वेगाला? तीन मिलिमीटर," समीना पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पण तळ खाली असणारच नाही ना, मामा. वर आला असेल." तिनं सहज आकड्याकडे बघितलं. अठरा. ती पुढे झुकली. "हे अठरा का दाखवतंय?"

"मॅडम, धार न्हाई तिथं."

"काय?"

"पुट्टी भरली मी. साच्याच्या कोपऱ्यात. सवयीनं. धार गोल आलीया. पाणी तुटत न्हाई, मॅडम. ते चिकटून चाललंय."

समीनाच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना त्यांना दिसलं. तिनं रेडिओचं बटण दाबलं. "ईश्वरी, कुलूप ओढ. आत्ता."

कुलूप म्हणजे स्टेअरिंगजवळचा पिवळा खटका. तो ओढला की तळ वर जाऊन तिथंच अडकतो, मग शर्यत संपेपर्यंत खाली येत नाही. बाहेरून तो कुणालाच ओढता येत नाही, नियमच तसा. तो ओढला की शर्यत हरली हेही सगळ्यांना माहीत.

"का?" ईश्वरीचा आवाज इंजिनाच्या गुरगुरीतून आला. ती पिटसमोरून सुसाट गेली होती. पश्चिमेचं वळण पन्नास सेकंदांवर. "तळ काय म्हणतोय?"

"कोरडं म्हणतोय. तो चुकतोय."

"कसला चुकतोय! गाडी रस्त्याला चिकटलीय. इतकी भारी कधी चालली न्हवती."

"ईश्वरी, ऐक माझं—"

"आठ सेकंद पुढं हाय मी, ताई! त्यो माणूस बघालाय. पडद्यावर काय बिघडलं असंल तुमच्या. मी न्हाई ओढत."

चाळीस सेकंद. मापकावर दोन पॉइंट नऊ. समीनानं दात आवळले आणि काही बोलायच्या आत हिंदुरावांनी तिच्या डोक्यावरचा हेडफोन ओढून घेतला. असं करायची परवानगी नव्हती. कोण विचारतंय आता!

"ईशू. आबा बोलतोय."

"आबा? तुम्ही कशाला—"

"धारेच्या कोपऱ्यात पुट्टी भरलीय मी."

नुसतं इंजिन ऐकू आलं. ही पोर सहा वर्षांची असताना त्यांच्या बाकड्यावर बसून असायची. ज्या बारक्या कोपऱ्यांत त्यांचा अंगठा जात नसे, तिथं तिचा अंगठा फिरायचा. तिला पुढचं समजावून सांगायची गरज नव्हती.

"साच्याच्या?" तिनं विचारलं.

"साच्याच्या."

"पॅटर्न समजून?"

"व्हय."

पंचवीस सेकंद. हिंदुरावांच्या तोंडातून शब्द आपोआप यायला लागले. "ईशू, माझी चूक हाय, तुझी न्हाई, ओढ बाळा, तुझ्या पाया पडतो, ओढ."

पडद्यावर ढगाचं तोंड दिसलं. लाल दिव्याची गाडी त्यात शिरली आणि नाहीशी झाली. मापक तीन पॉइंट एक. उंची अठरा. 'कोरडं'.

मग एकाएकी चाकांच्या वेगाचे आकडे चढले. इंजिन किंचाळलं, पायाखालचा रस्ता निघून गेल्यावर किंचाळतं तसं. समीनानं तोंडावर हात घेतला. हिंदुराव पडद्याकडे बघत होते आणि त्यांना काहीच दिसत नव्हतं.

पडद्यावर कुलपाचा पिवळा दिवा लागला.

उंची अठरावरून बासष्टवर गेली. ढगाच्या आत काहीतरी घासल्याचा आवाज झाला, लांबच लांब, संपता संपेना असा. मग इंजिन खाली आलं. गाडी ढगातून बाहेर आली ती गवतावरून, आडवी, पुढचा पंख गमावून, चिखलात माखलेली. ती थरथरत रस्त्यावर चढली आणि चालायला लागली.

कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. समीना खुर्चीत बसून रडत होती. हिंदुरावांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

ईश्वरीनं पुढचा पंख बदलून घेतला आणि शर्यत पुरी केली. अकराव्या नंबरावर आली. गॅलरीतला माणूस त्याआधीच उठून गेला होता.

तासाभरानं ती हिंदुरावांना सापडली तेव्हा ते ट्रकमागे रचलेल्या टायरांवर बसले होते. ती येताना गाडीपाशी वाकून तळाच्या धारेवरून अंगठा फिरवून आली होती, ते त्यांनी लांबून बघितलं होतं. ती शेजारी बसली. तिच्या सूटला चिखलाचा आणि जळक्या रबराचा वास येत होता.

"चाकं सुटली तवा काय वाटलं म्हाईत हाय?" ती म्हणाली. "काहीच न्हाई. आवाजच न्हाई. हातात स्टेअरिंग हाय आणि ते कशालाच जोडलेलं न्हाई. जन्मात एवढा भ्यालो न्हवतो, आबा."

त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

"तुम्हाला कवा कळलं?" तिनं विचारलं.

हा प्रश्न समीनानं विचारला नव्हता. गडबडीत कुणालाच सुचला नव्हता. 'तुला सांगितलं त्याच मिनिटाला,' एवढं म्हटलं असतं की संपलं असतं. दुसरं कुणाला काय ठाऊक? हिंदुरावांच्या ओठांवर ते वाक्य आलं. ओढ बाळा म्हणताना वाटली नव्हती इतकी भीती त्यांना आत्ता वाटत होती.

"शर्यतीच्या आधी," ते म्हणाले. "मॅडमची मुलाखत चालली होती तवा."

ईश्वरी समोर बघत राहिली. तिचे ओठ हलत होते. ती मोजत होती, हे त्यांच्या ध्यानात आलं.

"नवव्या फेरीला बुरंगाट आलं," ती हळू म्हणाली. "एकोणिसाव्यापतोर."

"अकरा," हिंदुराव म्हणाले. "अकरा वेळा गेलीस तू तिथनं. मी मोजलं."

"मोजलं?"

"व्हय."

तिनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. अनोळखी माणसाकडं बघावं तसं तिनं बघितलं, मग नजर काढून घेतली. पलीकडं कुणीतरी गाडीवर पाण्याचा पाइप धरला होता.

"आईला अकरा सांगू नका," शेवटी ती म्हणाली. "कळलं आणि लगेच सांगितलं, असं सांगा. अकरा ऐकलं तर ती तुमच्या ताटाला ताट लावून परत बसायची न्हाई."

"आणि तू?"

ईश्वरी उठली. तोल सावरायला तिनं टायराला धरलं, पण त्यांनी पुढं केलेला हात तिनं घेतला नाही.

"मला म्हाईत न्हाई, आबा," ती म्हणाली.

सकाळी दोघं एकाच गाडीतून आले होते. संध्याकाळी ती कोल्हापूरला समीनाच्या गाडीतून गेली.